मोटारीच्या बॅटरीची कुळकथा

‘बॅटरी’ हा शब्द आपल्या घरांत प्रथम आला तो विजेरीच्या रूपाने. रात्री मागच्या अंगणात किंवा शेतावर जाताना हाती घ्यावयाची ती बॅटरी, हा अर्थ आजही आपल्या बोलीत रूढ आहे. मूळ इंग्रजी शब्द मात्र तोफखान्यातला आहे. एका रांगेत मांडलेल्या तोफांना बॅटरी म्हणत. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात वीज साठविण्याच्या काचेच्या बरण्या अशाच एकापुढे एक जोडल्या आणि त्या रांगेला तेच नाव दिले. नाव तोफेवरून पडले ही गोष्ट पुढची हकीकत ऐकताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आज एकाच घराच्या अंगणात वडिलांची जुनी मोटार आणि मुलाची विजेवर चालणारी स्कूटर अशा दोन्ही उभ्या असतात. दोहोंतही बॅटरी असते. दोन्ही बॅटऱ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि म्हणून त्यांना एकाच रीतीने वागवितो. पण या दोघी एका कुळातल्या नव्हेत. एकीचा जन्म १८५९ सालचा, दुसरीचा १९९१ चा. एकीच्या पोटात आम्ल आहे, दुसरीच्या पोटात पेट घेणारे द्रव. एकीच्या संबंधात जी सवय शहाणपणाची, ती दुसरीच्या संबंधात घातक ठरू शकते. वाहनांच्या बॅटरीचा इतिहास मी सांगू इच्छितो तो याच दृष्टीने.

इटलीतील पाव्हिया येथील प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा याने १८०० साली जस्त व चांदी यांच्या चकत्या एकावर एक रचून, मधून मधून मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे ठेवून अखंड वीजप्रवाह मिळविला. ही पहिली बॅटरी. तिच्यात एक उणेपणा होता. जस्त खाऊन संपले की ती संपली. गेलेली वीज परत भरता यावी ही सोय साधली ती पॅरिसच्या गास्तों प्लांते याने, १८५९ मध्ये. शिशाचे दोन पत्रे मध्ये रबराच्या पट्ट्या घालून त्याने गुंडाळीसारखे वळविले आणि पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडविले. विजेचा प्रवाह आत सोडावा, बाहेर घ्यावा, पुन्हा सोडावा, असे अनेक दिवस केल्यावर हे पत्रे वीज धरू लागत. ही दीर्घ तपश्चर्या १८८१ साली कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने वाचविली. शिशाचा तांबडा ऑक्साइड आम्लात कालवून त्याचा लेप त्याने पत्र्यांवर थापला. हा तांबडा ऑक्साइड म्हणजे दुसरे काही नव्हे, तो आपला शेंदूर. आपल्याकडे दगडाला फासला जाणारा पदार्थ तिकडे विजेच्या पेटीत जाऊन बसला! कारखान्यांतून बॅटऱ्या बनू लागल्या त्या या लेपामुळेच. परंतु तो हातांनी थापणाऱ्या कामगारांच्या अंगात शिसे भिनू लागले, पोटशूळ उठू लागला, मनगटे लुळी पडू लागली. बॅटरीने घेतलेले पहिले बळी वाहन चालविणारे नव्हते, बॅटरी बनविणारे होते.

शिशाच्या बॅटरीचे अंतरंग फार सोपे आहे. तिच्या प्रत्येक कप्प्यात सुमारे २ व्होल्ट दाब असतो, आणि असे सहा कप्पे जोडले की मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी होते. ती वीज देऊ लागली की आम्लातील गंधकाचा अंश पत्र्यांवर जातो आणि द्रव पाण्याकडे झुकतो. भरू लागली की तो अंश पुन्हा द्रवात उतरतो. म्हणून फिटर काचेच्या नळीतला हायड्रोमीटर आत बुडवून पाहतो. विशिष्ट गुरुत्व १.२५ ते १.२८ असेल तर बॅटरी भरलेली, १.१५ च्या खाली गेले तर ती उपाशी. आणि उपाशी ठेवणे हेच तिच्या मरणाचे कारण. आठवडेच्या आठवडे उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पत्र्यांवर बसलेला पांढरा थर कठीण होतो आणि मग तो कितीही प्रवाह सोडला तरी सुटत नाही.

तिचे धोके पाहू लागलो तर आम्ल हे सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये, हा नियम शाळेतली मुलेही पाठ म्हणतात. तो पाठ करून घेताना आम्ही शिक्षक कारण सांगावयास मात्र पुष्कळदा विसरतो. गंधकाम्ल पाण्यात मिसळले की भयंकर उष्णता निर्माण होते. पाणी थोडे आणि आम्ल फार असेल तर वर पडलेले ते थोडे पाणी तत्क्षणी उकळते आणि आम्लासह तोंडावर उडते. पाणी फार असेल तर ती उष्णता त्यात जिरून जाते.

आम्लाहून कपटी आहे तो हायड्रोजन. बॅटरी भरत आली आणि तरीही प्रवाह चालू राहिला की आतील पाणी फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतात. हायड्रोजनला ना रंग ना वास. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की एक ठिणगी पुरे. काड्याची पेटी ओढून बॅटरीतले पाणी किती आहे ते पाहणाऱ्या माणसाचे डोळे त्याने घेतलेले आहेत. चार्जिंगच्या खोलीला वरच्या बाजूस झरोका हवा तो यासाठी, कारण हा वायू हवेपेक्षा फार हलका असून छताशी जमतो. एका मोटारीच्या बॅटरीने दुसरीची उतरलेली मोटार सुरू करताना शेवटची तार बॅटरीच्या ऋण अग्राला न जोडता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावी, हाही नियम त्याच वायूमुळे. शेवटची तार जोडताना ठिणगी उडतेच. ती उडणार असेल तर वायू नाही तेथे उडावी.

तिसरा धोका शॉर्टसर्किटचा. बारा व्होल्टांचा धक्का सहसा बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण दोन्ही अग्रांवर पान्हा आडवा पडला तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि बोटातली अंगठी किंवा मनगटावरील घड्याळाचा पट्टा क्षणात तापून मांसात रुततो. म्हणून बॅटरी काढताना प्रथम ऋण अग्राची तार सोडतात आणि बसविताना ती शेवटी जोडतात. याला एक गमतीदार ऐतिहासिक पुरवणी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात बनलेल्या अनेक मोटारींत ऋण नव्हे तर धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे. त्या मोटारींत हाच नियम शब्दशः पाळणारा मनुष्य फसत असे. खरा नियम असा की, जे अग्र सांगाड्याला जोडलेले आहे ते आधी सोडावे, म्हणजे पुढे पान्हा मोटारीच्या लोखंडाला लागला तरी वाट पुरी होत नाही. कारण ठाऊक असेल तर मोटार बदलली तरी मनुष्य फसत नाही.

आता वाहनांकडे वळू. फोरच्या लेपाला वर्ष होते न होते तोच, १८८१ च्या एप्रिलमध्ये, ग्युस्ताव त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालविली. १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये विजेच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. त्यांची बॅटरी अर्ध्या टनाच्या आसपास भरे. ती गाडीतच भरत बसण्याऐवजी ठाण्यावर यंत्राने काढून दुसरी भरलेली बॅटरी घालीत. आज आपल्या शहरांतून बॅटरी बदलून देणारी केंद्रे निघाली आहेत आणि त्यांचे नवल केले जाते. ती युक्ती सव्वाशे वर्षांची जुनी आहे. १८९९ च्या २९ एप्रिलला कामिय जेनात्झी या बेल्जियन शर्यतपटूने पॅरिसजवळ तोफगोळ्याच्या आकाराच्या गाडीत बसून ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. ताशी शंभराची मर्यादा ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि ती शिशाच्या बॅटरीवर चालत होती. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या.

शिशाचे ओझे कमी करावे म्हणून थॉमस एडिसनने कंबर कसली. आम्ल नको, शिसे नको, असे म्हणून त्याने निकेल व लोखंड घेतले आणि द्रव म्हणून दाहक पोटॅश, म्हणजे आम्लाच्या अगदी उलट गुणाचा क्षार. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर याच मार्गाने १८९९ पासून चालला होता. त्याने निकेलबरोबर कॅडमियमही वापरले. एडिसनची पहिली बॅटरी बाजारात आली, गळू लागली, तिची शक्ती घटू लागली. तेव्हा त्याने विक्री थांबविली, विकलेला माल परत घेतला, आणि कित्येक वर्षे खपून १९०९ च्या सुमारास सुधारलेली बॅटरी आणली. ती इतकी चिवट होती की उतरलेल्या अवस्थेत महिनोगणती पडून राहिली तरी तिचे बिघडत नसे. तिच्या द्रवात त्याने थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले होते. पुढे जो धातू या क्षेत्रात अधिराज्य गाजविणार होता, तो असा चोरपावलांनी वाहनात शिरला होता.

माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने एडिसनच्या बॅटरीचे महत्त्व निराळेच आहे. शिशाच्या बॅटरीचे आम्ल सांडले तर खाण्याचा सोडा टाकून ते मारतात. एडिसनच्या बॅटरीतले द्रव सांडले तर त्यावर सोडा व्यर्थ. तेथे बोरिक आम्लासारखे सौम्य आम्ल लागे. एकीचा उतारा दुसरीला चालत नसे. इतकेच काय, शिशाच्या बॅटरीत बुडविलेला हायड्रोमीटर किंवा तिच्यासाठी वापरलेले नरसाळे निकेलच्या बॅटरीला लावले तर आम्लाच्या चार थेंबांनी तिची नासाडी होई. जेथे दोन्ही जाती असत तेथे दोहोंची अवजारे वेगळी ठेवण्याची ताकीद असे. अंगावर उडाले तर मात्र दोन्हींचा उपाय एकच: भरपूर वाहते पाणी, आणि डोळ्यांत गेले असेल तर पाण्याची धार चालू ठेवीतच डॉक्टरकडे नेण्याची तयारी.

एडिसनचा विजय झाला नाही. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसला आणि हाताने हँडल फिरविण्याचा त्रास गेला. ते हँडल उलटे फिरून माणसांचे हात मोडीत, म्हणून पुष्कळ लोक विजेची गाडी पसंत करीत. आता पेट्रोलच्या मोटारीलाही एक लहानशी शिशाची बॅटरी मिळाली. ज्या बॅटरीने वाहन ओढण्याची शर्यत गमावली, तिनेच प्रतिस्पर्ध्याला जिंकण्यासाठी हात दिला. इंग्लंडात दूध घरोघर पोचविणाऱ्या गाड्या तेवढ्या शिशावर चालत राहिल्या.

त्यानंतरचा अर्धशतकाचा काळ मी थोडक्यात आटोपतो. १९५७ मध्ये जर्मनीत आम्लाची खळ करून, आणि १९७० नंतर अमेरिकेत ते काचतंतूंच्या बोळ्यात शोषवून, बंद शिशाच्या बॅटऱ्या निघाल्या. यांत पाणी घालावे लागत नाही. झाकण उचकटून पाणी घालू पाहणारे लोक तिची हानी करतात. आपल्या मोटारीवरील चार्जरचा दाब अधिक असेल तर ती फुगते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरावयाची नसते. टोयोटाच्या प्रियस गाडीने १९९७ साली निकेल व धातू-हायड्राइड यांची बॅटरी आणली. ती स्वभावाने शांत, पण तिचे अनेक घट एकत्र जोडलेले असल्याने दाब दोनशे व्होल्टांच्या वर होता. वाहनात प्राणघातक धक्का बसू शकतो ही गोष्ट घरगुती मोटारवाल्यांना तेव्हापासून शिकावी लागली. नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नये, हा संकेत आता सर्व विजेच्या गाड्यांना लागू आहे.

आता लिथियम. हा सर्वांत हलका धातू, आणि पाण्याचा व हवेचा शत्रू. स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेतील एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात पहिली पुन्हा भरता येणारी लिथियम बॅटरी केली. तिच्यातला शुद्ध लिथियम धातू भरताना काट्यांसारखा वाढे, पलीकडच्या अग्राला टेके आणि पेट घेई. कॅनडातील एका कंपनीने तशा बॅटऱ्या बाजारात आणल्या. १९८९ साली जपानमध्ये टेलिफोनमधील बॅटऱ्यांनी पेट घेतल्यावर त्या परत घ्याव्या लागल्या. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र शोधले. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ साली लिथियम धातू काढून टाकून त्या जागी कार्बन घातला. त्यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचा गोळा पाडून पाहिला. जुनी लिथियम बॅटरी त्या आघाताने पेटत असे, ही पेटली नाही. तोच लिथियम-आयन बॅटरीचा खरा जन्मक्षण असे योशिनो सांगतात. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये विक्रीस आणली, आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांत वाटले गेले.

शिशाची एक किलो बॅटरी साधारण ३० ते ४० वॉट-तास वीज धरते. लिथियमचे उत्तम घट तेवढ्याच वजनात २०० च्या वर जातात. एवढी शक्ती जेथे कोंडली आहे तेथे भय नसेल असे कोण म्हणेल? हिच्यातील द्रव ज्वालाग्राही आहे. एखादा घट आघाताने, सदोष बनावटीने किंवा अतिरिक्त चार्जिंगने ठराविक मर्यादेपलीकडे तापला की आतल्या क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. शेजारचा घट तापतो, मग त्याच्या शेजारचा. काही प्रकारांत धनाग्रातून ऑक्सिजनही सुटतो, म्हणजे ही आग आपली हवा काही अंशी आपणच आणते. टेक्सास विद्यापीठात १९९७ साली पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटचे धनाग्र पुढे आणले. नावांवरून दिसतेच की या कामाला आपल्या देशाचाही हात लागला आहे. फॉस्फेट आपला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते, म्हणून ही जात पेटण्यास अधिक उष्णता लागते. आपल्याकडील उन्हाळ्याच्या दृष्टीने हा गुण लहान नाही. तथापि ती अग्निरोधक आहे असे मानू नये. तापली तर तीही जळणारा वायू ओकते.

आपल्या देशात २००१ साली बंगळूरहून निघालेली रेवा ही छोटी गाडी शिशाच्या आठ बॅटऱ्यांवर चाले. त्यामागून ई-रिक्षा आल्या. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर त्या दिवसभर दिसतात, आणि पुष्कळ रिक्षांत बाकाखाली शिशाच्या चार बॅटऱ्या असतात. त्या रात्रभर चार्जिंगला लागतात, तेव्हा वर सांगितलेला हायड्रोजनचा नियम त्यांना पुरेपूर लागू पडतो. बंद पडवीत, जवळ चूल किंवा देवापुढचा दिवा असताना त्या भरू नयेत. डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घालावे. आधी काठोकाठ भरले तर ते वाढून आम्लासह बाहेर सांडते.

मग स्कूटरी आल्या, लिथियमच्या. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका विजेच्या स्कूटरमधून धूर निघाला आणि पाहता पाहता ती जळून गेली. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लूर येथे रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून वडील व मुलगी दोघेही मरण पावले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सिकंदराबादेत इमारतीच्या खालच्या भागातील विजेच्या दुचाकींच्या दुकानात आग लागली. वरच्या मजल्यांवर लॉज होते. त्यातले आठ प्रवासी गेले, आणि तेथेही मुख्य वैरी ज्वाळा नव्हत्या, जिन्याने वर चढलेला धूर होता. त्या वर्षाअखेरीस केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटऱ्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी अमलात आणले.

शिशाच्या बॅटरीने आपणांस शिकविले की, बॅटरी भरताना झरोका उघडा ठेवा म्हणजे झाले. लिथियमच्या बाबतीत झरोक्याने भागत नाही. ती भरताना वायू सोडीतच नाही, आणि सोडू लागते तेव्हा झरोका पुरत नाही. तेथे प्रश्न आहे तो वाटेचा. जिन्याखाली, बोळात, घराच्या एकुलत्या दारापाशी स्कूटर भरावयास लावली आणि ती पेटली, तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. घरातली माणसे जेथून बाहेर पडावयाची ती जागा सोडून ती भरावी, शक्य तर घराबाहेर सावलीत, आणि सारे निजले असताना तर नकोच. उन्हातून आणलेली तापलेली बॅटरी निवल्यावर मगच भरावी. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावू नये, मग खुंटी बसत असली तरी. पडलेली, ठेचाळलेली, पाण्यात बुडालेली किंवा फुगलेली बॅटरी ‘चालते आहे ना’ म्हणून वापरीत राहू नये. कित्येक दिवसांनी ती पेटल्याची उदाहरणे आहेत. शिशाची बॅटरी उपाशी ठेवू नये असे मी म्हणालो. निकेल किंवा कोबाल्ट असलेली लिथियमची बॅटरी उलट महिनाभर उभी ठेवायची असेल तर तुडुंब न भरता अर्धी ठेवणे हिताचे. फॉस्फेटच्या जातीला मधून मधून पूर्ण भरावे असे काही कारखानदार सांगतात. म्हणून शेजाऱ्याचा सल्ला ऐकण्याआधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका पाहावी.

आणि धूर दिसलाच तर? मूठभर वाळू टाकून किंवा चादर झाकून ही आग विझत नाही, आत उष्णता उरतेच. पुष्कळ पाण्याने ती निववावी लागते आणि विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटते. ते काम अग्निशमन दलाचे. घरच्या माणसांनी आधी मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे, मग १०१ ला कळवावे. तिचा धूर विषारी असतो, सामान काढण्यासाठी पुन्हा आत शिरू नये.

जुनी बॅटरी झाल्यावर तिचे काय करावयाचे हाही या कथेचाच भाग आहे. शिशाच्या जुन्या बॅटरीला भाव येतो, म्हणून ती सहसा फेकली जात नाही. पण गल्लीबोळांत ती फोडून, आम्ल गटारात ओतून, शिसे उघड्या भट्टीवर वितळविणाऱ्या लोकांकडे ती गेली तर फोरच्या कामगारांचा रोग त्या वस्तीतल्या मुलांना होतो. बॅटऱ्यांसंबंधीचे २००१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२२ चे नियम जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून अधिकृत कारखान्याकडे पोचविण्याची व्यवस्था सांगतात. ती दुकानदाराकडे परत देऊन नवीच्या किमतीत वजावट घ्यावी. आता शिशाच्या बॅटरीच्याच मापाच्या, तशाच काळ्या पेटीत लिथियमच्या बॅटऱ्याही येऊ लागल्या आहेत. अशी एखादी भंगाराच्या ढिगात शिशाची समजून गेली आणि तिच्यावर घण पडला, किंवा ती तशीच भट्टीत लोटली गेली, तर स्फोट होतो. परत देताना ती कोणत्या जातीची आहे हे दुकानदाराला तोंडी सांगावे, आणि पेटीवरचे लेबल फाटले असेल तर खडूने वर लिहून द्यावे.